विलीज एमबी की फोर्ड जीपीडब्ल्यू? गंज घासायच्या आधी एवढं बघून घ्या

आमच्या काकांची जीप चिपळूणला आंब्याखाली पत्र्याच्या शेडमध्ये पंचवीसेक वर्षं उभी होती. कोकणातले एवढे पावसाळे खाल्ल्यावर लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. घरात सगळे तिला 'लढाईतली विलीज' म्हणायचे आणि मीही तेच धरून चाललो होतो. ती आता घरीच दुरुस्त करायला घेतलीय, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की दुसऱ्या महायुद्धातली जीप म्हणजे एक गाडी नाही, दोन आहेत, विलीज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू. दोन्ही इतक्या सारख्या की शेजारी उभ्या केल्या तरी दहातल्या नऊ जणांना फरक सांगता येणार नाही. आणि जो फरक आहे तो बहुतेक सगळा लोखंडावर ठोकलेल्या बारीक अक्षरांत आणि चॅसीत (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यात) आहे, म्हणजे नेमका गंजाखाली! म्हणून ग्रायंडर हातात घ्यायच्या आधी हे वाचा, एकदा घासून गेलेलं अक्षर परत येत नाही.

आधी तिसरीच शक्यता बाजूला काढू, कारण आपल्याकडे 'मिलिटरी जीप' म्हणून दाखवतात त्यातल्या पुष्कळ गाड्या महिंद्राच्या सीजे-३बी असतात. बोनेट उंच आणि उभट दिसत असेल, ग्रिलला सात फटी असतील आणि मागे खाली पडणारं फळकं असेल तर ती महायुद्धातली नाही. ते बोनेट उंच आहे कारण आतलं हरिकेन इंजिन जुन्या इंजिनापेक्षा उंच आहे. गाडी उत्तमच आहे, जपण्यासारखी आहे, पण वेगळी. लढाईतल्या जीपला पत्र्याच्या ग्रिलमध्ये नऊ फटी, बोनेट सपाट आणि बसकं, मागचा पत्रा अखंड, त्यावर स्टेपनी टांगलेली, आणि हेडलाइट ग्रिलच्या आत बिजागरीवर. ते उलटे फिरवले की रात्री इंजिनवर उजेड पडतो. बिजागरी हलत नसेल तर जोर लावू नका, डब्ल्यूडी-४० (गंजलेलं सैल करणारा स्प्रे) मारून दोन दिवस भिजू द्या.

आता मूळ मुद्दा. अमेरिकन सैन्याला १९४१ मध्ये विलीजचं डिझाइन पसंत पडलं, पण एकट्या विलीजच्याने तेवढ्या गाड्या होईनात म्हणून त्याच वर्षी नोव्हेंबरात फोर्डलाही काम दिलं, अट अशी की गाडी विलीजच्याच नकाशावर बनवायची आणि पार्ट एकमेकींना बसले पाहिजेत. म्हणून जीपीडब्ल्यू. त्यातला जी म्हणजे सरकारी काम, पी म्हणजे फोर्डच्या कोडमध्ये ८० इंची व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि डब्ल्यू म्हणजे विलीजचं डिझाइन. जीपी म्हणजे 'जनरल पर्पज' हे सगळीकडे ऐकू येतं पण फोर्डच्या कोडात तसं नाही. युद्ध संपेपर्यंत विलीजने साडेतीन लाखांवर आणि फोर्डने पावणेतीन लाखांवर गाड्या काढल्या. दोन्हीत तेच २.२ लिटरचं ६० हॉर्सपॉवरचं गो-डेव्हिल इंजिन, तीच सहा व्होल्टची वायरिंग, तीच ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी.

मग ओळखायचं कशावरून? माझा सगळ्यात भरवसा आहे तो चॅसीच्या पुढच्या आडव्या तुकड्यावर. गाडीच्या पुढे जमिनीवर आडवं पडा आणि रेडिएटरच्या खाली चॅसीचे दोन हात जोडणारा आडवा भाग बघा. गोल नळी असेल तर चॅसी विलीजची. पत्रा दुमडून उलट्या यू सारखा केलेला असेल तर फोर्डची. हा भाग जाड आहे, सहसा गंजून गळून पडत नाही आणि कोणी हौसेने बदलतही नाही, म्हणून बाकी काही सांगत नसलं तरी हा सांगतो. माझ्या गाडीला चिखलाचा एवढा थर होता की नळी आहे की पट्टी तेच कळेना, शेवटी पाणी मारून लाकडी कालथ्याने खरवडलं तेव्हा गोल निघालं. म्हणजे विलीज, असं मी खुशीत घरी सांगूनही टाकलं.

दुसरी खूण चॅसी नंबर, आणि इथेच लोक सगळ्यात जास्त नुकसान करतात. फोर्डने नंबर थेट डाव्या बाजूच्या चॅसी-पट्टीच्या वरच्या अंगावर ठोकलाय, जीपीडब्ल्यू अक्षरांनी सुरू होणारा. विलीजने तसं न करता एक छोटी पाटी डाव्याच पट्टीच्या आतल्या बाजूला, पुढच्या बंपरमागे रिबिटांनी बसवली. त्यामुळे विलीजची पाटी पडून गेलेली असते किंवा कुणीतरी काढून विकलेली असते आणि मागे नुसती रिबिटांची भोकं उरतात, ती भोकं सापडली तरी पुरावाच समजा, त्यावर लांबी (पुट्टी) भरून मोकळे होऊ नका. फोर्डचा नंबर मात्र लोखंडातच आहे, गंजाखाली तो असतोच, फक्त फार उथळ असतो आणि वायर व्हीलने दोन मिनिटांत साफ पुसला जातो.

तो कसा काढायचा ते नीट सांगतो. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं त्या जागेवर एक रात्र गुंडाळून ठेवा, सकाळी नायलॉनच्या ब्रशने हलक्या हाताने घासा, रंगाचा थर असेल तर पेंट रिमूव्हर लावा, पण लोखंडाला लोखंड लावू नका. उरलेल्या गंजावर सायट्रिक अॅसिड पाण्यात कालवून त्यात बुडवलेला कापूस तासभर दाबून धरा आणि मग स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा, नाहीतर तासाभरात पिवळा गंज परत चढतो. मग खडू आडवा घासायचा, खाचेत पांढरं भरतं, आणि अंधारात टॉर्च अगदी तिरकी धरायची. मला एक आकडा तीन रविवार आठ वाटत होता, टॉर्च दुसऱ्या बाजूने धरल्यावर तो तीन निघाला. हा नुसता हौसेचा भाग नाही बरं का, आरसी बुकावरचा नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळला नाही तर आरटीओत पुढे काही हलत नाही. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५ हजार, आणि मुख्य अट ही की गाडीत मोठे फेरफार केलेले नसावेत. अशा वेळी मूळ नंबर वाचता येणं म्हणजे अर्धं काम झालं.

तिसरी खूण मला सगळ्यात आवडते. फोर्डने आपल्या पार्टवर छोटा 'एफ' ठोकलाय, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा. विलीजच्या गाडीवर तो नसतो. बंपरचे बोल्ट, मागचा ओढायचा हुक, ब्रॅकेटं, जिथे जाड गंज आहे तिथे एफ सापडू शकतो. माझ्या आधी एका गॅरेजवाल्याने पुढच्या बंपरचे चार बोल्ट 'चकाचक करून देतो' म्हणत ग्रायंडरवर गुळगुळीत करून ठेवले होते, त्यांच्यावर काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून सुट्या पार्टचा गंज मी इलेक्ट्रोलिसिसने, म्हणजे पाण्यातून वीज सोडून काढतो. प्लास्टिकच्या टबात पाणी, चार लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, पार्टला बॅटरी चार्जरची निगेटिव्ह आणि साध्या लोखंडी सळईला पॉझिटिव्ह, दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. स्टेनलेसची सळई अजिबात वापरायची नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करायचं कारण हायड्रोजन सुटतो, आणि कमानपाट्यांसारखं कडक पोलाद त्यात टाकायचं नाही, ठिसूळ होतं. पण बोल्टवरचा एफ काय सुंदर वर येतो! गंज काळा चिखल होऊन सुटतो, खालचं चांगलं लोखंड तसंच राहतं.

बॉडीवरून ओळखायचा प्रयत्न फार ताणू नका. सुरुवातीच्या गाड्यांवर मागच्या पत्र्यावर कंपनीचं नाव दाबलेलं असायचं, ते दिसलं तर नशीब. अगदी पहिल्या विलीजना पत्र्याऐवजी वेल्डिंग केलेल्या पट्ट्यांचं ग्रिल होतं, दाबलेल्या पत्र्याचं ग्रिल ही फोर्डची कल्पना आणि ती मग विलीजनेही घेतली. १९४४ पासून तर दोन्ही कंपन्यांना एकाच कारखान्यातून सारखी बॉडी यायला लागली, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीचा पत्रा काहीच सांगत नाही. इंजिनचंही तसंच, ब्लॉकच्या उजव्या बाजूला पुढे नंबर असतो, त्यावर एमबी किंवा जीपीडब्ल्यू वाचता येतं, पण लढाईतच सैन्याच्या दुरुस्ती डेपोंमध्ये इंजिनं इकडची तिकडे झाली आणि आपल्याकडे तर कित्येक जीपांत नंतर डिझेल बसलं.

माझ्या गाडीचं तेच निघालं. नळी गोल, आतल्या बाजूला रिबिटांची भोकं, म्हणजे चॅसी विलीजची, यात शंका नाही. पण इंजिन ब्लॉकवर स्पष्ट जीपीडब्ल्यू, आणि मागच्या हुकावर एफ. तो जो आकडा मी तीन रविवार वाचत होतो तो ह्या ब्लॉकवरचाच. काका म्हणाले, मग फोर्डचं काढून विलीजचं शोध की. मी नाही काढणार. ही गाडी ऐंशी वर्षांत जशी जुळत गेली तशीच ती आहे, कुणीतरी कुठल्यातरी डेपोत रात्रीतून ते इंजिन बसवलं असेल, ते खोडून मी नवीन 'अस्सल' कशाला बनवू?

सध्या फ्लोअर उघडलाय. खालच्या आडव्या चॅनलच्या आत कंपनीनेच लाकूड भरलेलं असतं, ते दोन्ही गाड्यांना सारखंच, आणि ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे वरून पत्रा बरा दिसला तरी खालून भुगा झालेला असतो. स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा, आत गेला तर रंग मारून उपयोग नाही, पत्रा कापूनच बदलावा लागतो. माझ्याकडे डाव्या बाजूचं लाकूड हाताने काढलं तर पोह्यांसारखं सुटून आलं. उजवी बाजू या रविवारी.