आकडा पियानोचा, आवाज सॉफ्टवेअरचा: हा बेबनाव आला कुठून?

कुडाळ-सावंतवाडीकडे भजनाच्या पेटीवर हात बसलेला वादक डिजिटल पियानो घेतो, लॅपटॉपला जोडतो आणि पहिल्याच दिवशी वैतागतो. हळू वाजवलं तर सूर ऐकूच येत नाही, जरा जोर दिला की कानठळ्या. दोष त्याच्या हाताचा नाही. या दुखण्याचं मूळ १९८३ सालात आहे.

डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकारातून त्या वर्षी मिडी हे मानक आलं आणि निरनिराळ्या कंपन्यांची वाद्यं एकमेकांना जोडता येऊ लागली. पट्टी किती वेगाने दाबली, यासाठी त्यात १ ते १२७ हे आकडे ठरले. शून्य म्हणजे सूर बंद. पण किती जोराला कोणता आकडा, आणि त्या आकड्याला आवाज किती, हे मानकाने ठरवून दिलं नाही. तेव्हाच्या वाद्यांची विविधता पाहता ते बरोबरच होतं, असं मला वाटतं.

मुळात इथे जोर मोजलाच जात नाही. पट्टीखाली निदान दोन संपर्क असतात. एक आधी जुळतो, दुसरा मागाहून. मधला वेळ जितका कमी, तितका आकडा मोठा. या वेळेचा आकडा कसा काढायचा, ते प्रत्येक कंपनीने आपल्या वाद्यातल्या आवाजाला धरून बसवलं. आवाज त्याच वाद्यातून निघत होता तोवर सगळं जुळत होतं. १९९८ मध्ये रेकॉर्ड केलेले सूर संगणकावरून वाजवणारं गिगासॅम्पलर हे सॉफ्टवेअर आलं, २००६ मध्ये गणिताने सूर घडवणारं पियानोटेक. आता पट्ट्या एकाच्या, आवाज दुसऱ्याचा. वेलॉसिटी कर्व्ह, म्हणजे पट्टीच्या वेगाचा (वेलॉसिटीचा) आलेला आकडा सॉफ्टवेअरने किती धरायचा ते ठरवणारी वक्ररेषा, हवा झाला तो इथे.

पेटीवाल्याला हे जास्त जाणवतं, कारण पेटीत आवाज लहान-मोठा करतो तो भाता. बोटांना ते काम कधी पडलेलंच नसतं. त्यामुळे सुरुवातीला त्याचे आकडे खालच्या भागातच घुटमळतात. पियानोचा टच (बोटांना वाद्य किती दाद देतं, ती सेटिंग) ‘नॉर्मल’वर ठेवावा, हळू-मध्यम-जोरात वाजवून आकडे पाहावेत आणि फक्त सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हची खालची बाजू थोडी उचलावी. दोन्हीकडे फेरफार केले की गुंता सुटत नाही.

२०२० च्या मिडी २.० मध्ये वेलॉसिटी १६ बिटांची झाली, म्हणजे पायऱ्या पासष्ट हजारांवर गेल्या. तरी पियानो आणि सॉफ्टवेअर यांचा मेळ बसवावा लागतोच.

मात्र एखादीच पट्टी अचानक किंचाळत असेल, तर कर्व्हला हात लावू नये. तिथे संपर्कावर धूळ किंवा ओल बसलेली असू शकते. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत आधी तेच तपासून, साफ करून घ्यावं.