३९ रुग्ण आणि एक दिवाळखोरी

आयसीयूतल्या रुग्णाचं रक्त कल्चरला जातं. जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे कळायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर डॉक्टर वाट पाहत बसत नाहीत. अंदाजानं एखादं जालीम अँटिबायोटिक सुरू करतातच. नव्या औषधाची चाचणी घेणाऱ्यांची पंचाईत होते ती इथंच. हवा तो रुग्ण ओळखू येईपर्यंत त्याच्या अंगात आधीचं औषध भिनलेलं असतं. पुष्कळदा तो शुद्धीवर नसतो, आणि संमतीपत्रावर सही करायला नातेवाईक कचरतात.

अमेरिकेतल्या अकाओजेन कंपनीला याचा पुरता अनुभव आला. तिचं प्लाझोमायसिन हे नवं अँटिबायोटिक कार्बापेनेम या राखीव, जालीम अँटिबायोटिकांच्या गटालाही न जुमानणाऱ्या जंतूंवर चालावं, अशी आशा होती. कोलिस्टिन या शेवटचा उपाय म्हणून वापरल्या जाणाऱ्या जुन्या अँटिबायोटिकशी त्याची तुलना करायला गंभीर रुग्ण मिळाले जेमतेम ३९. मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या चाचणीत मात्र ६०९ जण होते. म्हणून जून २०१८ मध्ये मंजुरी मिळाली ती मूत्रमार्गापुरतीच. रक्तातल्या संसर्गासाठी, म्हणजे खरी निकड होती तिथं, ती मिळाली नाही.

संशोधनाला अमेरिकी सरकारचा पैसा होता. पण पुढे औषध विकायचं कुणाला? नवं अँटिबायोटिक शहाणं रुग्णालय कपाटात राखूनच ठेवतं, आणि ठेवायलाच हवं. सरसकट वापरलं तर जंतू त्यालाही सरावतात. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. गंमत म्हणजे त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं प्लाझोमायसिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं. चीनचा भाग सोडून बाकी जगाचे हक्क आपल्या मुंबईच्या सिप्लाकडे आले.

यावर ब्रिटननं २०२२ मध्ये वेगळी वाट धरली. दोन अँटिबायोटिकांसाठी कंपन्यांना वर्षाला ठरावीक रक्कम द्यायची, प्रत्येकी १ कोटी पौंडांपर्यंत. औषध किती खपलं, याच्याशी त्या रकमेचा संबंध नाही. मला हा व्यवहार रास्त वाटतो.

आपल्याकडे वोक्हार्टचं नॅफिथ्रोमायसिन २०२४ मध्ये जाहीर झालं. न्यूमोनियावर दिवसातून एकदा, तीनच दिवस घ्यायचं. रुग्णाची केवढी सोय! आणि खपाच्या दृष्टीनं? मधुमेहाची गोळी जन्मभर विकली जाते. या औषधामागे १४ वर्षं आणि सुमारे ५०० कोटी रुपये गेले. तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांसाठी जैवतंत्रज्ञान उद्योगाला साहाय्य करणाऱ्या केंद्र सरकारच्या बायरॅक या संस्थेनं दिले ८ कोटी.