जुन्या पिकअप ट्रकचे कार्बोरेटरवरून फ्युएल इंजेक्शनवर रूपांतर

पेट्रोल पिकअपचे मूळ इंजिन कायम ठेवून तिचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा यांत्रिक भाग) उतरवणे आणि त्या जागी संगणकाच्या ताब्यातले इंधन इंजेक्शन बसवणे, याला हे रूपांतर म्हणतात. वरवर पाहता काम सोपे वाटते : चार नट सोडायचे, कार्बोरेटर काढायचा आणि त्याच जागी इंजेक्टर (पेट्रोलचा फवारा सोडणारी तोटी) असलेली थ्रॉटल बॉडी, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, बसवायची. पण खरे काम टाकी, पाइपलाइन, वायरिंग आणि सायलेन्सरच्या पाइपमध्ये असते. गाडी पुढे नीट चालेल की रस्त्यात बंद पडेल, हे तिथेच ठरते.

तंत्र जुनेच आहे. बेंडिक्सची ‘इलेक्ट्रोजेक्टर’ प्रणाली १९५८ च्या काही क्रायस्लर गाड्यांत आली, पण टिकली नाही. बॉशची ‘डी-जेट्रॉनिक’ १९६७ पासून फोक्सवॅगन १६०० मध्ये बसू लागली. पिकअपपर्यंत हे लोण उशिरा पोहोचले. अमेरिकेत धुराचे नियम कडक झाले आणि धुरातले घातक वायू कमी करणारा थ्री-वे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला हवा आणि पेट्रोलचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी जवळ लागते, आणि साध्या कार्बोरेटरला ते सतत राखता येत नाही. शेव्हरोलेट पिकअपच्या व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनांना १९८७ च्या मॉडेलपासून थ्रॉटल बॉडी इंजेक्शन मिळाले. फोर्डची एफ मालिका १९८८ मध्ये पूर्णपणे इंजेक्शनवर गेली. रूपांतरासाठी येतात त्या बहुतेक गाड्या याआधीच्या.

कार्बोरेटर व्हेंचुरीतून (मधल्या अरुंद गळ्यातून) जाणाऱ्या हवेच्या ओढीवर पेट्रोल सोडतो. हवा किती विरळ आहे हे त्याला नीट कळत नाही. समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरवर हवेची घनता सुमारे एक चतुर्थांशाने घटते. पेट्रोलचे बारीक भोक, म्हणजे जेट, मात्र तेच राहते. मग मिश्रण रिच होते, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होते, ताकद घटते, प्लग काळे पडतात. गरम इंजिन बंद केले की फ्लोट चेंबरमधले (कार्बोरेटरच्या तरंगत्या फ्लोटवाल्या छोट्या कप्प्यातले) पेट्रोल उकळते आणि गाडी लवकर स्टार्ट होत नाही. तिरक्या चढावर फ्लोटची पातळी बिघडते. इंजेक्शनमध्ये मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांचा) दाब, हवेचे व कूलंटचे तापमान, थ्रॉटल किती उघडा आहे आणि इंजिनचे फेरे पाहून कंट्रोलर, म्हणजे प्रणालीचा संगणक, इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवतो. त्यामुळे थंड इंजिन सुरू करताना हवा अडवणाऱ्या चोकची गरजच उरत नाही.

तयार थ्रॉटल बॉडी किट हा सर्वांत सोपा मार्ग. प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर देणारे मल्टिपोर्ट अधिक समान वाटणी करते, पण त्यासाठी मॅनिफोल्ड बदलावा लागतो. स्वतः जुळवाजुळव करणाऱ्यांसाठी ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिप्पो यांनी सुरू केलेला ‘मेगास्क्विर्ट’ कंट्रोलर आहे. इंजेक्टरचे माप हिशेबाने निघते. ३०० अश्वशक्तीच्या इंजिनाला, ताशी अश्वशक्तीमागे अर्धा पाउंड धरल्यास, तासाला १५० पाउंड पेट्रोल लागते. इंजेक्टर जास्तीत जास्त ८० टक्के वेळच उघडा ठेवायचा म्हटले तर आठ इंजेक्टरांपैकी प्रत्येक तासाला साधारण २४ पाउंडांचा हवा.

आता टाकीकडे. कार्बोरेटरला ४ ते ७ पीएसआय (दर चौरस इंचाला पाउंड) दाब पुरतो. आजच्या बहुतेक थ्रॉटल बॉडी किटना ५८ पीएसआयच्या आसपास लागतो. (जनरल मोटर्सची जुनी थ्रॉटल बॉडी याला अपवाद, ती ९ ते १३ पीएसआयवर चालते.) इंजिनावरचा यांत्रिक पंप इथे निरुपयोगी ठरतो. तो काढून भोक प्लेटने बंद करतात, आणि जुन्या रबरी नळीऐवजी इंजेक्शनच्या दाबाची नळी व तिलाच साजेशा क्लिपा वापरतात. जुनी नळी फुटली तर गरम एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा उडतो, म्हणून इथे काटकसर नको.

फ्लोट चेंबर हा पेट्रोलचा छोटासा साठाच होता, आणि टाकीचे दोष तो झाकत असे. जुन्या टाकीत आडपडदे नसतात. टाकी अर्धी रिकामी असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकते आणि पंप हवा ओढतो. कार्बोरेटरला ते जाणवत नसे; इंजेक्शनची गाडी त्याच क्षणी झटका देते. पंप टाकीच्या आतच, आडपडद्यांच्या कप्प्यात बसवणे हा यावरचा चांगला उपाय. पेट्रोलमध्ये बुडालेला पंप थंडही राहतो. बाहेर बसवायचाच असेल तर तो टाकीच्या पातळीखाली आणि जवळ हवा, कारण असे पंप ढकलतात जोमाने, ओढताना मात्र दमतात.

पिकअपची खास अडचण म्हणजे दोन टाक्या. दाब नियंत्रकातून उरलेले पेट्रोल रिटर्न लाइनने परत येते, आणि ते ज्या टाकीतून घेतले तिथेच जायला हवे. नाहीतर एक टाकी रिकामी होत जाते आणि दुसरी भरून सांडते. त्यासाठी सप्लाय आणि रिटर्न दोन्ही एकदम बदलणारा सहा तोंडांचा व्हॉल्व्ह लागतो.

एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून कंट्रोलरला मिश्रण कळवणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरची जागा चुकली तर सगळी मेहनत वाया जाते. तो एक्झॉस्टचे पाइप एकत्र येतात त्याच्या थोडे पुढे, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कलता बसवतात, म्हणजे साचलेले पाणी त्यावर येत नाही. तो पेट्रोल नव्हे, ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या आधी गॅस्केट फुटले असेल तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर मिश्रण लीन (पेट्रोल कमी) असल्याचे सांगतो आणि कंट्रोलर पेट्रोल वाढवत सुटतो. एखादा प्लग मिस होत असला तरी तेच घडते. म्हणून किट उघडण्याआधी कॉम्प्रेशन, इग्निशन टायमिंग, व्हॅक्यूमची गळती आणि एक्झॉस्टची गॅस्केटे तपासावीत. सेन्सरवरून पेट्रोलचे प्रमाण आपोआप शिकणारे किट इंजिनचा आजार बरा करत नाही.

कंट्रोलरची वीज आणि अर्थिंग थेट बॅटरीवरून घ्यावी. त्याच्या वायरी प्लगच्या वायरींपासून दूर ठेवाव्यात आणि रेझिस्टर असलेले प्लग वापरावेत, नाहीतर ठिणगीच्या विद्युत गोंधळाने फेऱ्यांचा सिग्नल बिघडतो. पंपाचा रिले कंट्रोलरच्याच हाती असावा. इंजिन थांबले की पंप थांबलाच पाहिजे, अपघातात तर नक्कीच. जनरल मोटर्सचा ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर थ्रॉटलला जोडलेल्या टीव्ही केबलची (थ्रॉटल व्हॉल्व्ह केबल, गिअरबॉक्सला थ्रॉटल किती उघडा ते कळवणारी) भूमिती जशीच्या तशी जुळवावी. ती चुकली तर गिअरबॉक्समधला दाब कमी पडतो आणि क्लच जळतात.

कायद्याचा भाग देशागणिक वेगळा. कॅलिफोर्नियात १९७६ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) लागू आहे, आणि त्यांच्या इंधन प्रणालीत असा बदल करायचा तर किटला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना या तपासणीतून सूट आहे.