पेट्रोलचं गिऱ्हाईक घटलं, तर उरलेल्या तेलाचं काय?

कच्च्या तेलाचा जगभरचा हिशेब पिंपांत चालतो. एका पिंपात 159 लिटर तेल. अमेरिकेतल्या रिफायनऱ्या एवढ्या तेलातून साधारण 70 ते 75 लिटर पेट्रोल काढतात, चाळीस-पंचेचाळीस लिटर डिझेल, त्याखालोखाल विमानाचं इंधन, आणि उरलेल्यातून एलपीजी, नाफ्था, डांबर, कोक वगैरे. आपल्याकडे डिझेलचा खप मोठा. 2023-24 मध्ये भारतात सुमारे 9 कोटी टन डिझेल खपलं आणि पेट्रोल 3.7 कोटी टन. प्रमाण कसंही असो, पिंपातलं डिझेल तेवढं काढून घेतलं आणि पेट्रोल आतच ठेवलं, असं कुठल्याच रिफायनरीला जमत नाही. ऊस गाळला की साखरेबरोबर मळी आणि चिपाड निघणारच, कारखान्याला ती हवी असोत वा नसोत. तेलाचंही तसंच आहे.

विजेवरच्या गाड्या तेल उद्योगाला अडचणीत आणतात त्या इथे. जग रोज 10 कोटींहून जास्त पिंपं तेल वापरतं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार 2024 मध्ये विजेवरच्या वाहनांनी त्यातली जेमतेम 13 लाख पिंपं वाचवली. आकडा किरकोळ वाटतो, पण हा घाला सगळ्या पिंपावर सारखा पडत नाही. स्कूटर आणि मोटारी आधी विजेवर जातात, म्हणजे आधी पेट्रोल जातं. लांब पल्ल्याचे ट्रक, जहाजं आणि विमानं अजून बराच काळ तेलावरच चालणार. 2024 मध्ये जगभर 1 कोटी 70 लाखांहून अधिक विजेवरच्या मोटारी विकल्या गेल्या, म्हणजे दर पाच नव्या मोटारींत एक. चीनमध्ये तर जवळजवळ निम्म्या. तिथल्या सिनोपेक या सरकारी तेल कंपनीने 2023 मध्येच सांगून टाकलं की देशातली पेट्रोलची मागणी आता शिखरावर पोचली आहे.

मग डिझेल आणि विमानाचं इंधन हवं, पण पेट्रोल नको, अशा गिऱ्हाइकाला तोंड कसं द्यायचं? हा प्रश्न कंपन्यांच्या जाहिरातींत फारसा दिसत नाही. माझ्या मते तोच मुख्य आहे, आणि तो रसायनशास्त्राचा आहे.

या उद्योगावर अशी वेळ पूर्वीही आली होती. 1859 मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकने विहीर खणली ती दिव्याच्या रॉकेलसाठी. त्याबरोबर निघणारं हलकं, भडकन पेटणारं पेट्रोल नकोसं होतं, ते पुष्कळदा ओढ्या-नद्यांत सोडून देत. पुढे विजेच्या दिव्याने रॉकेलचा बाजार खायला सुरुवात केली आणि त्याच सुमाराला मोटार आली. नकोसं पेट्रोल एकदम हवंसं झालं, इतकं की नुसत्या ऊर्ध्वपातनातून मिळणारं पेट्रोल पुरेना. 1913 मध्ये विल्यम बर्टनने जड तेलाचे मोठे रेणू उष्णतेने आणि दाबाने तोडून पेट्रोल वाढवलं. 1930 च्या दशकात युजीन हूड्रीने तेच काम उत्प्रेरकाकडून करून घेतलं. रिफायनरीतलं शंभर वर्षांचं बहुतेक संशोधन एकाच दिशेने चाललं होतं : पिंपातून आणखी पेट्रोल कसं निघेल. आता त्याच यंत्रांकडून उलटं काम हवं आहे.

यातलं एक यंत्र जवळून पाहण्यासारखं आहे. रिफायनरीत त्याला एफसीसी (फ्लुइड कॅटॅलिटिक क्रॅकिंग) युनिट म्हणतात. मुंबईत माहुलला 1950 च्या दशकात उभ्या राहिलेल्या दोन्ही रिफायनऱ्यांतही ते आहे. एका उंच, उभ्या नळीत खालून जड तेलाचा फवारा सोडतात. तिथेच त्याला तापलेली उत्प्रेरकाची भुकटी भेटते. तिचे कण साधारण 60-70 मायक्रॉनचे. तेलाची वाफ ही भुकटी घेऊन वर उसळते. 500 ते 550 अंश तापमानात, अवघ्या दोन-तीन सेकंदांत मोठे रेणू तुटून पेट्रोलच्या मापाचे होतात. या तोडफोडीत भुकटीवर कोळशाचा थर चढतो आणि ती निकामी होते. मग ती शेजारच्या टाकीत जाते, तिथे हवेने तो कोळसा जळून जातो, आणि सुमारे 700 अंशांना तापलेली भुकटी पुन्हा नळीत येते. कोळसा जळून मिळालेली हीच उष्णता पुढची तोडफोड करते. हे चक्र रात्रंदिवस अखंड चालतं.

आता या भुकटीत झेडएसएम-5 नावाचा झिओलाइट, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा स्फटिक, थोडासा मिसळायचा. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी शोधलेल्या या पदार्थाचं पेटंट 1972 चं. त्याच्या स्फटिकात जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरचे बोगदे असतात. पेट्रोलमधले सरळ साखळीचे रेणू त्यांत सहज शिरतात आणि आत तुटतात. फाटे फुटलेले रुंद रेणू बहुतेक बाहेरच राहतात. सरळ साखळी तुटून जे तुकडे पडतात त्यांत मोठा वाटा तीन कार्बनच्या प्रॉपिलीनचा. साध्या एफसीसीमधून पाच टक्क्यांच्या आसपास प्रॉपिलीन मिळतं. उत्प्रेरक, तापमान आणि वाफेचं प्रमाण बदललं की ते पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत नेता येतं. इंडियन ऑइलने स्वतः विकसित केलेलं 'इंडमॅक्स' तंत्र हेच करतं, आणि ओडिशात पारादीपच्या रिफायनरीत ते मोठ्या प्रमाणावर चालू आहे. आपल्या संशोधकांचं हे काम खरोखर अव्वल दर्जाचं आहे, त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

प्रॉपिलीनपासून पॉलिप्रॉपिलीन होतं. सिमेंटची पोती, खुर्च्या, सिरिंजा, मोटारीचे बंपर त्याचेच. गाडी विजेची असली तरी बंपर तिलाही लागतोच. गाडीच्या इंजिनात जळणारा कार्बन अशा रीतीने गाडीच्या अंगावर चढतो.

दुसरी वाट नाफ्थाची. पेट्रोलचा हा कच्चा माल वाफेबरोबर साधारण 850 अंशांना सेकंदाच्या अंशभर तापवून लगेच थंड केला की इथिलीन मिळतं, आणि त्यापासून पॉलिथिन. याच्याही पुढे जाऊन काही कंपन्या कच्च्या तेलापासून जवळजवळ थेट रसायनांकडे वळल्या आहेत. एक्सॉनमोबिलने सिंगापूरमध्ये 2014 पासून असा क्रॅकर, म्हणजे रेणू तोडणारा कारखाना, चालवला, आणि चीनमध्ये दालियन आणि झौशानला अवाढव्य संकुलं उभी राहिली. सौदी अरामकोने 2020 मध्ये साबिक या रसायन कंपनीतला 70 टक्के हिस्सा 69 अब्ज डॉलर मोजून घेतला. आपल्या भारत पेट्रोलियमने मध्य प्रदेशात बीनाला सुमारे 49,000 कोटी रुपयांचा इथिलीन क्रॅकरचा प्रकल्प हाती घेतला आहे. कोकणात आधी नाणारला आणि मग बारसूला घाटत असलेला, अरामकोही भागीदार असलेला प्रकल्पदेखील 'रिफायनरी आणि पेट्रोकेमिकल्स' असाच होता. आंबा, मासळी, कातळशिल्पं आणि रोजगार यांवर तिथे हिरिरीने बोललं गेलं, आणि ते योग्यच होतं. पण चाळीस वर्षं चालणाऱ्या अशा कारखान्याचा माल पुढे कोण घेणार, हा प्रश्नही तितक्याच जोराने विचारला जायला हवा.

कारण या वाटेचं गणित पुरतं जुळत नाही. जगातल्या तेलाचा साधारण चौथा हिस्सा प्रवासी मोटारींत जळतो. रसायनांचा कच्चा माल म्हणून लागतं त्याच्या जवळपास निम्मंच. रसायनांची मागणी वाढली, तरी सगळं पेट्रोल त्यात जिरणं अवघड. शिवाय चीनने इतकी क्षमता उभारली की भाव कोसळले आहेत. एक्सॉनमोबिलने फ्रान्समधला ग्राव्हँशाँचा क्रॅकर 2024 मध्ये बंद केला तो तोटा सोसवेना म्हणून.

चार्जिंगच्या धंद्याचा गाजावाजा मोठा. शेलने युरोप-अमेरिकेतल्या अनेक चार्जिंग कंपन्या विकत घेतल्या. भारत सरकारनेही 2023 मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना 7,432 जलद चार्जरसाठी 800 कोटी रुपये मंजूर केले. सोय म्हणून हे उत्तम. पण पुष्कळ लोक गाडी रात्री घरीच चार्ज करतात, त्यामुळे पेट्रोल पंपाचा गल्ला यातून भरून निघेल असं मला वाटत नाही.

बॅटरीशी असलेलं नातं मात्र जुनं आणि खोल आहे. पुन्हा चार्ज होणारी लिथियम बॅटरी 1970 च्या दशकात घडवली ती एक्सॉनच्या प्रयोगशाळेत, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी. टायटॅनियम डायसल्फाइडच्या थरांमध्ये लिथियमचे आयन ये-जा करतात, ही त्यातली कल्पना. कंपनीने पुढे तो नाद सोडला. 2019 मध्ये व्हिटिंगहॅम यांच्याबरोबर नोबेल मिळालेल्या अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये बॅटरीच्या ऋणाग्रासाठी पेट्रोलियम कोक वापरला, म्हणजे रिफायनरीच्या तळाशी उरणारा काळा गाळच. आजही ऋणाग्राचं बरंचसं कृत्रिम ग्रॅफाइट नीडल कोकपासून, 3000 अंशांच्या आसपास भाजून करतात. ब्रिटनमधली फिलिप्स 66 ची हंबर रिफायनरी हा कोक बॅटरीवाल्यांना पुरवते. आणि एक्सॉनमोबिलने 2023 मध्ये आर्कान्सातल्या खोल खडकांमधल्या खाऱ्या पाण्यातून लिथियम काढायची योजना जाहीर केली. विहीर खणायची, पाणी उपसायचं, हवं ते वेगळं करायचं आणि उरलेलं पुन्हा जमिनीत सोडायचं. यातलं बहुतेक काम त्यांच्या हातचं आहे.

पण तेल काढणं कोणी मनापासून कमी करतंय का? बीपीने 2020 मध्ये सांगितलं होतं की 2030 पर्यंत तेल-वायूचं उत्पादन 40 टक्क्यांनी घटवू. 2023 मध्ये ते 25 टक्क्यांवर आलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कंपनीने ते लक्ष्यच सोडून तेल-वायूवरचा खर्च वाढवला. वास्तविक तेलक्षेत्रं आपोआपच आटत जातात. नवी विहीर खणली नाही, तर उत्पादन दरवर्षी काही टक्क्यांनी घटतंच. त्यामुळे मागणी हळूहळू उतरली तर कंपन्यांना फारसं काही बंद करावं लागणार नाही, नवं खणणं थांबवलं तरी पुरे. तरीही त्या खणत आहेत, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. नॉर्वेत 2024 मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी 89 टक्के विजेवरच्या होत्या. तोच देश समुद्रातून रोज 20 लाख पिंपांच्या आसपास तेल काढून परदेशी विकतो.

गाडीत न जळणारं हे तेल प्लास्टिककडे वळणार, म्हणून मोटारींच्या प्रदर्शनांपेक्षा प्लास्टिक कराराच्या वाटाघाटींकडे बारकाईने पाहायला हवं. बुसानला 2024 च्या शेवटी आणि जिनिव्हाला ऑगस्ट 2025 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठका झाल्या. प्लास्टिकच्या उत्पादनावरच मर्यादा घालावी, अशी शंभरएक देशांची मागणी होती. सौदी अरेबिया, रशिया आणि इतर तेल उत्पादक देशांनी तिला विरोध केला, बोलणं कचरा व्यवस्थापनापुरतंच ठेवा म्हणाले, आणि दोन्ही बैठका कराराविना संपल्या. भारताचंही म्हणणं उत्पादनावर बंधन नको असंच होतं. तेव्हा बीनाच्या क्रॅकरचं काम सुरू झालेलं होतं.