डिझेल वाहनातील कूलंटची घट व अतितापन: निदान

वाहनाखाली थेंब दिसत नाही, तरी कूलंटची पातळी दर काही दिवसांनी खाली जाते; सपाट रस्त्यावर सगळे ठीक असते आणि चढ लागला की तापमानाचा काटा वर सरकतो. अशा दोषाच्या निदानात आधी क्रम ठरवावा लागतो. कूलंट कमी झाले म्हणून इंजिन तापले, की इंजिन तापले म्हणून कूलंट उकळून बाहेर पडले? शेवटी दोन्हींत टाकी रिकामीच दिसते, पण दुरुस्ती पूर्ण वेगळी असते. हा क्रम न पाहता थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह), मग वॉटर पंप, मग रेडिएटर असे एकेक भाग बदलत जाणे हा सर्वांत रूढ मार्ग आहे, आणि सर्वांत खर्चिकही.

इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेचा साधारण पाव ते तृतीयांश हिस्सा कूलंट वाहून नेते. पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे निम्मे-निम्मे मिश्रण वातावरणीय दाबाला सुमारे १०७ अंश सेल्सिअसला उकळते. टाकीच्या झाकणाने १ बार जादा दाब धरून ठेवला तर हा बिंदू १२९ अंशांच्या आसपास जातो. म्हणजे वीसेक अंशांची राखीव जागा झाकणातल्या एका स्प्रिंगवर आणि रबरी वॉशरवर अवलंबून असते. झाकण कमकुवत झाले की सिलिंडर हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) सर्वांत तापलेल्या जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती, वाफ धरते, तिने ढकललेले कूलंट ओव्हरफ्लो नळीतून निघून जाते आणि मागमूस राहत नाही. झाकणातला उलटा व्हॉल्व्ह अडकला असेल तर थंड होताना होज पाइप आत चेपलेला दिसतो. म्हणून तपासणीची सुरुवात झाकणापासून करतात. गरम इंजिनाचे झाकण मात्र कधीच उघडायचे नाही, कारण दाब सुटताच आतले द्रव एकदम वाफ होऊन उसळते आणि गंभीर भाजते.

डिझेल इंजिन हा दोष लपवण्यात पेट्रोल इंजिनापेक्षा तरबेज असते. रिकाम्या फिरण्यावर (आयडलिंगला) त्यात भरपूर जादा हवा आणि अगदी थोडे इंधन असते, त्यामुळे ते थंडच राहते. गॅरेजमध्ये अर्धा तास उभ्या उभ्या चालवून ‘काही नाही, ठीक आहे’ असा निर्वाळा मिळतो आणि त्याच संध्याकाळी चढावर गाडी पुन्हा तापते. उलट भार आला की सिलिंडरमधील दाब आधुनिक इंजिनांत १५० बारच्या वर जातो. एक-दीड बारवर चालणाऱ्या शीतन व्यवस्थेच्या शेजारी हा दाब केवळ हेड गॅस्केटच्या, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलच्या, कडेने अडवलेला असतो. केसाएवढी वाट मिळाली तरी वायू कूलंटमध्ये घुसतो. त्यामुळे डिझेलची खरी परीक्षा भाराखालीच होते.

घट खरी आहे की भासमान, हे आधी पाहावे. थंड असताना भरलेले १० लिटर कूलंट चालत्या तापमानाला सुमारे ४०० मिलिलिटर फुगते. टाकी काठोकाठ भरली तर तेवढे बाहेर पडणारच. पुन्हा काठोकाठ भरणारा चालक नसलेली गळती स्वतःच तयार करतो. नेमक्या खुणेपर्यंत, इंजिन थंड असताना भरून, दर सकाळी पातळी लिहून ठेवणे हे सर्वांत स्वस्त उपकरण आहे. काट्यावर फार विसंबू नये. अनेक गाड्यांत सुमारे ७५ ते १०५ अंशांच्या दरम्यान काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. शिवाय पातळी खूप खाली गेल्यावर सेन्सर द्रवात न राहता हवेत किंवा वाफेत लोंबतो आणि कमी तापमान दाखवतो. हीटरमधून अचानक गार हवा येऊ लागली तर तो इशारा काट्याच्या आधी मिळालेला असतो.

बाहेरची गळती कोरडी असू शकते. तापलेल्या ब्लॉकवर किंवा टर्बोजवळ पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरा थर राहतो. वॉटर पंपाच्या खालचे छिद्र, ब्लॉकमधील कोअर प्लग (छिद्रे बंद करणाऱ्या धातूच्या टोप्या), टर्बोला पाणी नेणाऱ्या नळ्यांचे सांधे, रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी जिथे जाळीला चिमटलेली असते ती कड या ठरलेल्या जागा. गाडीत गोडसर वास, आतून धुरकटणारी पुढची काच आणि ओले कार्पेट असेल तर हीटर कोअर (गाडीत गरम हवा देणारा छोटा रेडिएटर) गळतो. प्रेशर पंपाने झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकाच दाब देऊन पंधरा-वीस मिनिटे पंपावरचा दाबाचा काटा पाहतात. काही सांधे थंड असतानाच गळतात आणि तापल्यावर फुगून बंद होतात, काही नेमके उलटे वागतात. म्हणून ही चाचणी दोन्ही अवस्थांत हवी. तरीही जागा सापडत नसेल तर कूलंटमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाकून काही दिवसांनी दिव्याने शोध घेतात.

दाब उतरतो पण बाहेर ओल नाही, असे झाले तर इंजिनच पाणी खाते आहे. हेड गॅस्केटची सर्वांत बोलकी खूण सकाळी मिळते. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाचे झाकण उघडताना फुस्स आवाज आला, किंवा चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत, कूलंट तापून फुगण्याच्या आधीच, वरचा होज टणक झाला, तर तो दाब उष्णतेचा नसून ज्वलनवायूचा असतो. निळे रसायन पिवळे होण्यावरून ब्लॉक टेस्ट टाकीतल्या हवेत आलेला कार्बन डायऑक्साइड ओळखते, पण डिझेलबाबत तिचा नकार फार मनावर घेऊ नये. पेट्रोल इंजिनाच्या धुरात हा वायू १४ टक्क्यांच्या घरात असतो, रिकाम्या फिरणाऱ्या डिझेलच्या धुरात २-३ टक्केच. रंग पिवळ्याऐवजी हिरवट होऊन थांबतो किंवा बदलतच नाही. गाडी चढावर दामटून आणून लगेच चाचणी घेतली तर उत्तर जास्त विश्वासार्ह येते.

पांढऱ्या धुरानेही फसगत होते. न जळलेल्या डिझेलचा धूरही पांढराच, पण तो डोळ्यांना झोंबतो आणि हवेत रेंगाळतो. वाफ लवकर विरते आणि ग्लायकॉल असेल तर गोडसर वास येतो. कोणता सिलिंडर, हे ठरवायला ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा भाग) काढून त्या छिद्रातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालतात. इतर पिस्टन काजळीने काळे आणि एकाचा माथा वाफेने स्वच्छ निघालेला दिसला की पुढे वाद उरत नाही. खात्रीसाठी त्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून सुमारे ७ बारची हवा सोडतात आणि टाकीत बुडबुडे येतात का पाहतात. हे काम लांबणीवर टाकण्यात मोठा धोका असतो. ५०० घनसेंमीच्या सिलिंडरमध्ये १७:१ संपीडन असेल तर पिस्टन वर असताना जागा उरते फक्त ३१ घनसेंमी. रात्रीतून त्याहून जास्त कूलंट झिरपले तर सकाळी स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण द्रव दाबले जात नाही.

मात्र हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर निर्दोष ठरवलाच पाहिजे. धुराचा काही भाग थंड करून पुन्हा इंजिनात पाठवणारा हा भाग आधुनिक डिझेलमध्ये फार फसवा असतो. त्याच्या पातळ नळ्यांना एका बाजूने शेकडो अंशांचा धूर आणि दुसऱ्या बाजूने कूलंट. तडा गेला की भाराखाली धूर कूलंटमध्ये शिरतो आणि इंजिन बंद केल्यावर कूलंट धुराच्या वाटेने झिरपते. लक्षणे हुबेहूब उडालेल्या गॅस्केटची, आणि चांगले हेड उघडले जाते ते याच गोंधळात. कूलर काढून, तोंडे बंद करून, हवा भरून कोमट पाण्यात बुडवला तर दोन मिनिटांत निकाल लागतो. ही केवळ पाणी भरत राहण्याची किरकोळ बाब नाही: २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना लागलेल्या आगींचे कारण ईजीआर कूलरमधून गळलेले ग्लायकॉल काजळी-तेलाच्या गाळात मिसळून पेटणे हे सांगितले गेले आणि तेथे सुमारे १ लाख ६ हजार गाड्या परत बोलावल्या गेल्या.

फुटलेला कूलर बदलूनही दोष परत येतो तेव्हा त्याच्या आधीची वाट तपासावी लागते. फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनात कूलंट आधी ऑइल कूलरमधून आणि मग ईजीआर कूलरमध्ये जाई. ऑइल कूलरच्या बारीक वाटा गाळाने तुंबल्या की पुढच्या कूलरला पाणी अपुरे पडे, ते तिथेच उकळे आणि नळ्या फुटत. तेलाचे तापमान कूलंटपेक्षा भाराखाली किती वर जाते यावरून हे तुंबणे आधीच कळते. त्या इंजिनासाठी जाणकार सुमारे ८ अंशांपुढचा फरक संशयास्पद मानतात.

ऑइल कूलर आतून फुटला तर चालत्या इंजिनात तेलाचा दाब कूलंटपेक्षा जास्त असल्यामुळे टाकीत तेलाचा तवंग आधी दिसतो. कूलंट तेलात उतरते ते बहुधा इंजिन बंद झाल्यावर. तेलाच्या झाकणाखालची पांढरट साय एकट्याने पुरावा ठरत नाही, थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ती नुसत्या दवानेही धरते. तेलाच्या प्रयोगशाळा-तपासणीत ग्लायकॉल, सोडियम किंवा पोटॅशियम वाढलेले निघाले तर शंका मिटते. ओल्या लायनरच्या (ज्यांत सिलिंडरच्या बदलता येणाऱ्या नळीला बाहेरून थेट कूलंट लागते अशा) अवजड इंजिनांत आणखी एक वाट आहे. पिस्टनच्या धक्क्यांनी लायनर थरथरतो, त्याच्या बाहेरच्या अंगावर वाफेचे बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि धातू टोकरत टोकरत आरपार छिद्र पाडतात. कूलंटमधील नायट्राइटसारखी द्रव्ये हे रोखतात. साधे पाणी भरत राहिलेल्या ट्रकमध्ये ती विरळ होत जातात.

पातळी टिकून असताना इंजिन तापत असेल तर शोध सोपा असतो. उभ्या गाडीत तापते आणि धावताना उतरते: पंखा, त्याचा व्हिस्कस क्लच (तापल्यावर पंखा जोडणारा भाग) किंवा रिले. वेगात, भाराखाली तापते: रेडिएटर, पंप किंवा थर्मोस्टॅट. रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीत तापमानाचा फरक फार मोठा असेल तर प्रवाह कमी आहे, म्हणजे पंपाची पाती गंजलेली, थर्मोस्टॅट अर्धवट उघडणारा किंवा खालचा होज ओढीने चेपणारा. फरक अगदी थोडा आणि दोन्ही नळ्या कढत असतील तर हवा पोहोचत नाही. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट कचऱ्याने भरलेली असते आणि समोरून जाळी स्वच्छच दिसते. कूलंट बदलल्यानंतर लगेच तापू लागलेल्या गाडीत बहुधा एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, असते.

गॅस्केट उडाल्याचे ठरले तरी ते का उडाले हे शोधायचे राहतेच. बहुतेकदा वरच्यापैकी एखाद्या कारणाने इंजिन आधी एकदा जोरात तापलेले असते. डिझेलच्या हेड गॅस्केटची जाडी पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो यावरून निवडतात आणि ती कडेच्या खाचांनी किंवा छिद्रांनी ओळखतात. जुन्या खुणेचीच नवी घ्यावी लागते. वाकलेले हेड घासून सपाट करायला अनेक निर्माते परवानगीच देत नाहीत, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर मुळातच जेमतेम असते. ताणून बसवायचे बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. गळती बुजवण्याची पूड गावापर्यंत पोहोचायला कधी उपयोगी पडते, पण ती हीटर आणि ऑइल कूलरच्या वाटाही तितक्याच इमानाने बुजवते.