रबर बदलण्याआधी हे वाचा : साइडस्पिन सर्व्हिस आणि तुमची बॅट

आमच्या टेबल टेनिसच्या दुकानात, काउंटरवर हे बोलणं वरचेवर होतं. ग्राहक बॅट पुढे सरकवतो आणि म्हणतो, "रबर गेलंय बहुतेक. समोरच्याने साइडची सर्व्हिस टाकली की माझा बॉल टेबलाबाहेर. जरा ग्रिपवालं काहीतरी चढवून द्या." आम्ही रबर तपासतो. पुष्कळदा ते ठणठणीत असतं. विकायचंच म्हटलं तर अर्ध्या तासात नवं चिकटवून देता येईल. पण तोच ग्राहक पंधरा दिवसांनी परत येतो आणि सांगतो, आता तर बॉल आणखी लांब जातोय. त्याचं खरं असतं. म्हणून हे पत्रक बॅटबरोबर देतो.

आधी घरी एक प्रयोग करा. जेवणाच्या टेबलावर बॉल ठेवा आणि अंगठा व मधल्या बोटाने भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरवा. फिरत असतानाच बॅट उभी धरून रबराची बाजू त्याला अलगद टेकवा. बॉल सरळ मागे येणार नाही, बॅटच्या कडेने एका बाजूला पळेल. उलटा फिरवलात तर दुसऱ्या बाजूला पळेल. आता रबराऐवजी गुळगुळीत पुठ्ठा टेकवा, पळ कमी होईल. साइडस्पिन सर्व्हिसवर, म्हणजे बॉल असा भोवऱ्यासारखा आडवा फिरवून टाकलेल्या सर्व्हिसवर, तुमच्या बॅटचं नेमकं हेच होतं. बॉल फिरत येतो, रबर त्याला पकडतं आणि ती फिरकी बॉलला बाजूला फेकते. रबर जितकं पकड घेणारं, तितकी ही फेक मोठी. बॅट नुसती धरून ठेवण्याची सवय असलेल्याने महाग, चिकट रबर घेतलं तर त्याचा त्रास वाढतो तो असा.

टेबलाची रुंदी 152.5 सेंमी असते. म्हणजे मध्यावर मारलेला बॉल बाहेर जायला बाजूला 76 सेंमी सरकला तरी पुरे. जोरदार साइडस्पिनला हे अंतर काहीच नाही.

मग मारायचं कुठे? नियम एकच आहे आणि समोरचा उजवा असो वा डावखुरा, तो बदलत नाही. सर्व्हिस करणाऱ्याची बॅट बॉलला लागताना तुमच्या डोळ्यांना जिकडे जाताना दिसली, तिकडे तुमचा बॉल पळणार. म्हणून ती जिकडून आली, तिकडे नेम धरा. उजव्या खेळाडूची नेहमीची पेन्ड्युलम सर्व्हिस घ्या, घड्याळाच्या लंबकासारखा हात झुलवून टाकतात ती. तुमच्या बाजूने पाहिलं तर बॅट डावीकडून उजवीकडे जाते. तुम्ही सरळ ब्लॉक केलात, म्हणजे बॅट नुसती समोर धरलीत, तर बॉल उजवीकडे पळेल. तेव्हा नेम डावीकडे, म्हणजे त्याच्या फोरहॅण्डच्या कोपऱ्याकडे. रिव्हर्स पेन्ड्युलमला, म्हणजे हात उलट दिशेने झुलवून टाकलेल्या सर्व्हिसला, सगळं उलट.

गोंधळ होतो तो पुढच्या गोष्टीमुळे, आणि चांगले खेळणारेही इथे फसतात. हीच पेन्ड्युलम सर्व्हिस हवेत मात्र तुमच्या डावीकडे वळते. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या बॅकहॅण्डपासून ती आणखी बाहेर पळते. डोळ्यांना बॉल डावीकडे जाताना दिसतो, म्हणून मन म्हणतं की उजवीकडे मारून भरपाई करू. तिथेच पॉइंट जातो, कारण बॅटला लागल्यावर बॉल उजवीकडेच पळणार असतो. हवेतलं वळण पाहून पाय हलवा आणि नेम बॅट पाहून ठरवा. डावखुऱ्याची पेन्ड्युलम तुमच्या फोरहॅण्डच्या बाहेर पळते आणि तिला नेम उजवीकडे धरायचा. क्लबात एखादाच डावखुरा असतो आणि तोच सगळ्यांना छळतो, कारण त्याच्याशी खेळायची सवयच नसते.

साइडस्पिन क्वचितच एकटा येतो. त्यात कट (मागे फिरणारी फिरकी) मिसळलेला असतो नाहीतर टॉपस्पिन (पुढे फिरणारी फिरकी), आणि चलाख खेळाडू दोन्ही एकाच हालचालीतून काढतो. बॅट बॉलच्या खालून घासत गेली की साइड-कट. बॅट बाजूने वर चढत गेली की साइड-टॉप. बॉलला बॅट लागल्यानंतर तो हात कसाही फिरवेल, तिकडे पाहू नका, तो देखावा असतो. पाहायचा क्षण एवढाच, बॅट आणि बॉल भेटतात तो. तो चुकला तर टप्पा पाहा. कट असलेला बॉल टप्प्यानंतर अडखळल्यासारखा येतो, टॉपस्पिनवाला अंगावर उसळतो. बॉलवरचा शिक्का वाचता आला तर फिरकी फार नाही असं समजा.

साइड-कटला बॅट थोडी उघडी (तोंड वर) ठेवून पुश करा, म्हणजे हलकेच ढकला, साइड-टॉपला थोडी झाकून (तोंड खाली) पुढे मारा. दोन्हीत मनगट ढिलं सोडून बॅट नुसती लावू नका. तुम्ही स्वतः बॉलला घासून मारलंत तर त्याच्या फिरकीवर तुमची फिरकी चढते, आणि चांगलं ग्रिपचं रबर कामी येतं ते तेव्हाच. सर्व्हिस नेटजवळ पडली तर उजव्या खेळाडूने उजवा पाय टेबलाखाली घालून पुढे जावं. दूरून हात लांबवून घेतलेला बॉल बहुधा नेटमध्ये नाहीतर आकाशात.

आता थोडं नियमांबद्दल. बॉल उघड्या तळहातावरून, जवळजवळ सरळ वर, निदान 16 सेंमी उडवायचा असतो आणि बॅट लागेपर्यंत तो तुमच्यापासून अंगाने किंवा हाताने लपवता येत नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये तळहातातूनच बॉल खेचून सर्व्हिस टाकणारे काका सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. त्यांची फिरकी वाचता येत नाही यात तुमच्या बॅटचा काही दोष नाही. मॅच सुरू होण्याआधी समोरच्याची बॅट हातात घेऊन पाहायचा हक्कही नियमाने तुम्हाला आहे, तो वापरा. एका बाजूला लाँग पिंपल्स, म्हणजे बाहेरून लांब दाणे असलेलं रबर, आहे का, ते तेव्हाच कळतं. भारताची खेळाडू मनिका बत्रा हिच्या बॅकहॅण्डला अशीच लाँग पिंपल्सची बाजू आहे. त्या रबरावर समोरून आलेली फिरकी फारशी पकडली जात नाही, म्हणून साइडस्पिनचा त्रास कमी. पण अशा रबराने स्वतः फिरकी काढणं अवघड, आणि शिकाऊ मुलाला ते देऊ नका असंच आम्ही पालकांना सांगतो.

सरावासाठी एक जुना बॉल घ्या आणि त्याचा अर्धा भाग स्केचपेनने काळा करा. फिरताना रंग कसा मिसळतो त्यावरून फिरकीची दिशा दिसते. जोडीदाराला सर्व्हिस टाकायला सांगा आणि पहिले वीस बॉल परतवूच नका, फक्त मोठ्याने "डावी" किंवा "उजवी" म्हणा. बरोबर उत्तरं येऊ लागली की मग परतवा. बॉल फेकणाऱ्या रोबो मशीनवर हा सराव होत नाही. आमच्याकडे रोबो भाड्याने मिळतो, तरीही सांगतो, त्याला हात नाही, मग बॅट कुठून कुठे गेली हे पाहणार कसं?

रबर खरंच बदलायचं का, हे घरी असं पाहा. बॉल रबरावर हलका दाबून बोटांनी सरकवा. अडखळत, धरून ठेवल्यासारखा सरकला तर रबर जिवंत आहे. काचेवरून सरकावा तसा सुळकन गेला, किंवा मधला भाग कडांपेक्षा झिजलेला दिसला, तर वेळ झाली. त्याआधी एकदा ओल्या स्पंजने पुसून, वाळवून परत तपासा. घाम आणि धूळ निघाली की कितीतरी रबरं पुन्हा पकडू लागतात. खेळून झाल्यावर रबर पुसून त्यावर प्लास्टिकची फिल्म लावून ठेवा, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॅट टाकू नका.

पहिल्यांदा चांगली बॅट घेणाऱ्याला आम्ही ऑलराउंड ब्लेड (बॅटचं लाकूड) आणि 1.5 ते 1.8 मिमी स्पंजचं मध्यम पकडीचं रबर सुचवतो. दुकानात येताना जुनी बॅट आणि शक्य असेल तर मोबाइलमध्ये समोरच्याच्या दोन-चार सर्व्हिसचा व्हिडिओ घेऊन या. त्याची बॅट कुठून कुठे जाते ते काउंटरवरच बसून पाहू, त्याचे पैसे नाहीत.