रॅममधल्या फायलींना कुलूप

युनिक्सच्या घराण्यातल्या (लिनक्ससारख्या) ऑपरेटिंग सिस्टम्समध्ये टीएमपीएफएस नावाची एक बिनडिस्कची फाइल सिस्टम, म्हणजे फायली ठेवण्याची व्यवस्था, आहे. तिच्यातल्या फायली रॅममध्ये राहतात, रॅम अपुरी पडली तर स्वॅपमध्ये (रॅमला पूरक म्हणून डिस्कवर राखलेल्या जागेत) सरकतात आणि मशीन बंद केलं की नाहीशा होतात. लिनक्सवर आकार सांगितला नाही, तर कमाल मर्यादा रॅमच्या निम्मी असते.

ती सुरुवातीलाच रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचता येईल अशी, माउंट केली (सिस्टमला जोडली) तर? मिळते एक रिकामी डिरेक्टरी, आणि ती तशी असेतोवर रिकामीच राहते. डिस्कवर निदान जुनं काहीतरी असतं. इथे मागे काहीच नाही. म्हणून आधी नेहमीसारखी माउंट करायची, फायली भरायच्या आणि मग रीड-ओन्ली 'रीमाउंट' करून (न काढता नव्या अटीवर पुन्हा जोडून) कुलूप लावायचं. फायली हलत नाहीत. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या) नोंदीतला एक फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, बदलतो, इतकंच. पण त्याचा वचक परवानग्यांपेक्षा मोठा. फाइलची लिहिण्याची परवानगी काढून घेतली तरी रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) ते जुमानत नाही. रीड-ओन्ली माउंटवर मात्र रूटलाही 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' हेच उत्तर मिळतं. (अर्थात, पुन्हा रीमाउंट करून कुलूप काढणं त्याच्याच हातात असतं.)

खरी गंमत कुलूप लागत नाही तेव्हा. 'माउंट पॉइंट इज बिझी' एवढं सांगून कर्नल गप्प. एखाद्या प्रोग्रामने लॉग फाइल लिहिण्यासाठी उघडी ठेवली असेल, तर अडचण लगेच कळते. पण कधी कधी प्रोग्राम फाइल मेमरीत मॅप करतो (मेमरीसारखी थेट वापरायला जोडून घेतो) आणि तिचा डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) बंद करतो. फाइल बंद झाली असं आपण समजतो, पण लिहिण्याची वाट उघडीच असते. त्याहून फसवी म्हणजे डिलीट केलेली पण कुणीतरी उघडी धरलेली फाइल. 'एलएस' या कमांडने काढलेल्या फायलींच्या यादीत ती दिसत नाही, नुसती वाचायला उघडलेली असली तरी लिनक्स अडून बसतं, कारण तिची जागा मोकळी करायचं काम बाकी असतं. अशा वेळी उघड्या फायली दाखवणारी 'एलएसओएफ' कमांड चालवून धरणारी प्रोसेस शोधायची.

आणि कुलूप लागल्यावरही आत नेम्ड पाइप (एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे डेटा नेणारी, फाइलसारखी दिसणारी नळी) असेल, तर त्यात खुशाल लिहिता येतं. ते बाइट फाइल सिस्टममध्ये उतरतच नाहीत. कर्नलच्या बफरमधून थेट वाचणाऱ्याकडे जातात.